वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. अख्खे धान्य खाऊन मला तो टाळता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांना वयाच्या ५४ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, आज ते ठणठणीत आहेत. प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे वय ४१. तिने एकीकडे वाचले, की अख्खे धान्य खाल्ले तर हा कर्करोग टळतो. दुसरीकडे वाचले, की मोठाले प्रयोग झाले आणि त्यांत धान्यातल्या चोथ्याचा, म्हणजे फायबरचा, काहीच उपयोग दिसला नाही. मग खरे काय मानायचे? किती खायचे? नुसता कोंडा किंवा फायबरची पावडर घेतली तर चालेल का? आणि खाणे नीट ठेवले तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, टाळता येईल का?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. गेली २३ वर्षे, आठवड्यातले तीन-चार दिवस, दुर्बिणीतून लोकांची मोठी आतडी पाहते. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांत निकडीचा आहे. नाही, कोलोनोस्कोपी टाळता येणार नाही. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत हा कर्करोग झाला असेल, तर पहिली तपासणी चाळिसाव्या वर्षी करतात, किंवा त्या नातेवाइकाला आजार झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी. दोहोंपैकी जे अगोदर येईल ते. तुमच्या बाबतीत ५४ वजा १० म्हणजे ४४, आणि चाळीस त्याच्या अगोदर येते. तुम्ही ४१ च्या आहात. म्हणजे वेळ येऊन गेली आहे. पहिली तपासणी स्वच्छ निघाली तरी पुढे दर पाच वर्षांनी करायची. आहारातला बदल त्याच्या जोडीने आजच सुरू करा, पण आधी तपासणीची तारीख घ्या आणि मग पुढचे वाचा. खरोखर कळकळीने सांगते आहे.

इतके ठासून सांगण्याचे कारण मी रोज पडद्यावर बघते. निरोगी मोठे आतडे आतून फिकट गुलाबी, ओलसर, चकाकते असते. अस्तराखालच्या रक्तवाहिन्यांची जाळी पानावरच्या शिरांसारखी स्वच्छ दिसते. जिथे पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेली गाठ, असतो तिथे ती जाळी तुटते. कधी देठावर लोंबणारी, बोराएवढी गाठ असते, तर कधी नुसता चपटा, किंचित लालसर उंचवटा, जो आतड्याच्या घडीमागे दडला तर नजरेतून सुटतो. देठाचा पॉलिप असेल तर तारेचा फास देठाभोवती टाकायचा, हळूहळू आवळायचा आणि विजेने कापून घ्यायचा. अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. काही मिनिटांत काम संपते. अशा बहुतेक गाठींचा कर्करोग कधीच होत नाही, पण ज्यांचा होतो त्यांना त्यासाठी साधारण दहा वर्षे लागतात. आहार काम करतो तो या संथ काळात, गाठ उगवण्यावर आणि तिच्या वाढीच्या वेगावर. एकदा उगवलेली गाठ कोणतेही धान्य खाऊन विरत नाही.

आता धान्याकडे वळू. गव्हाचा एक दाणा उभा चिरून भिंगाखाली धरा. बाहेर तपकिरी, अनेक पदरी साल दिसेल, तो कोंडा; दाण्याच्या वजनाच्या साधारण १४ टक्के. एका टोकाला पिवळसर ठिपक्यासारखा अंकुर, जेमतेम ३ टक्के. उरलेला सगळा पांढरा पिठूळ गर. चोथा, मॅग्नेशियम, बी गटातली जीवनसत्त्वे, फेरुलिक आम्लासारखी द्रव्ये, हे सगळे मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. गरात असतो तो प्रामुख्याने स्टार्च आणि काही प्रथिने. मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात. म्हणून १०० ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात १० ते १२ ग्रॅम चोथा असतो आणि तेवढ्याच मैद्यात तीन ग्रॅमच्या आतबाहेर. तांदूळ पॉलिश करताना हेच होते. धान्य दळले, भरडले किंवा चपटे केले तरी ते अख्खेच राहते. अट एवढीच, की दाण्याचे तिन्ही भाग मूळ प्रमाणात त्यात असले पाहिजेत. गहू, ओट्स, बार्ली, राय, मका, ज्वारी, बाजरी, पॉलिश न केलेला तांदूळ, सगळ्यांना हाच नियम लागू.

हा चोथा आतड्यात करतो काय, हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे.

चोथा पचवण्याची रसायने माणसाच्या शरीरात नाहीत. म्हणून तो लहान आतडे पार करून जवळजवळ जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे अब्जावधी जिवाणू त्याचीच वाट बघत असतात. ते चोथा आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची स्निग्ध आम्ले तयार होतात. त्यांतले एक, ब्युटिरेट, आपल्या कामाचे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटमधून मिळवतात. शरीरातल्या बाकीच्या पेशी रक्तातून आलेल्या अन्नावर जगतात. या पेशींना मात्र जिवाणूंनी रांधलेले जेवण समोरून मिळते. निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून टाकते. कर्करोगाकडे झुकलेली पेशी साखरेवर जगू लागलेली असते, त्यामुळे तिच्यात ब्युटिरेट न जळता साठते, केंद्रकापर्यंत जाते आणि काही जनुकांची कळ अशी फिरवते, की पेशीचे विभाजन मंदावते किंवा पेशी स्वतःहून मरते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे स्पष्ट दिसते. एकच पदार्थ निरोगी पेशीला पोसतो आणि बिघडलेलीला आवरतो. इतक्या वर्षांनंतरही मला याचे नवल वाटते.

दुसरे काम पित्ताशी निगडित आहे. स्निग्ध पदार्थ पचवण्यासाठी यकृत पित्ताम्ले सोडते. त्यांतली थोडी मोठ्या आतड्यात उतरतात आणि जिवाणू त्यांचे डिऑक्सिकोलिक आम्लासारख्या द्रव्यांत रूपांतर करतात. ही द्रव्ये अस्तराला चुरचुरत राहतात, पेशींचे नुकसान करतात, आणि झीज भरून काढायला पेशींना वारंवार विभागावे लागते. प्रत्येक विभाजन म्हणजे जनुकात चूक होण्याची एक संधी. चोथा आंबला की आतड्यातले वातावरण आम्लधर्मी होते आणि हे रूपांतर मंदावते. शिवाय जो चोथा आंबत नाही तो पाणी धरून ठेवतो, मळाचे आकारमान वाढवतो, त्रासदायक द्रव्ये त्यात पातळ होतात आणि सगळे लवकर पुढे सरकते. अस्तराशी त्यांचा संपर्क कमी वेळ राहतो.

इथे एक बारकावा आहे. सगळा चोथा एका वेगाने आंबत नाही. ओट्स आणि बार्लीतला बीटा-ग्लुकान झटपट, आतड्याच्या सुरुवातीलाच, म्हणजे उजव्या बाजूला संपतो. गव्हाच्या सालीतला चिवट चोथा सावकाश आंबतो, त्यातला बराचसा आंबतच नाही, आणि तो डाव्या बाजूपर्यंत जातो. म्हणून एकाच धान्यावर अडून बसू नका. आलटून पालटून खा.

हे सगळे माणसात खरोखर घडते का? २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. या कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेल्या आफ्रिकी-अमेरिकी समाजातले २० जण आणि ज्यांच्यात तो क्वचित आढळतो अशा ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतले २० जण निवडले आणि दोन आठवडे त्यांचे जेवण अदलाबदल केले. अमेरिकी गटाचा चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमपर्यंत नेला आणि स्निग्ध पदार्थ निम्म्याहून कमी केले. अवघ्या दोन आठवड्यांत त्यांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले, त्रासदायक पित्ताम्ले घटली आणि अस्तराच्या पेशींचे विभाजन मंदावले. आफ्रिकी गटात नेमके उलटे झाले. दोन आठवड्यांत कर्करोग होतही नाही आणि टळतही नाही. पण आतड्यातले वारे किती लवकर फिरते ते यातून कळते. मात्र या प्रयोगात मांस, स्निग्ध पदार्थ, चोथा सगळेच एकदम बदलले होते, त्यामुळे सगळे श्रेय धान्याच्या पदरात टाकता येत नाही.

आता तुम्ही वाचलेला तो विरोधाभास. तुम्ही दोन्ही गोष्टी बरोबर वाचल्या आहेत.

चोथ्याची कल्पना लोकांपुढे आणली डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने. युगांडात त्यांनी अनेक वर्षे काम केले. ग्रामीण आफ्रिकेत हा कर्करोग इतका विरळ का, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना त्यांनी अन्न शरीरातून बाहेर पडायला किती वेळ लागतो आणि मळाचे वजन किती भरते, याकडे लक्ष वेधले. १९७१ साली त्यांनी मांडणी प्रसिद्ध केली, की परिष्कृत, चोथा काढलेले अन्न हेच या रोगाचे मूळ असावे. कल्पना सुंदर होती. पण तिची कसून परीक्षा व्हायला तीस वर्षे गेली, आणि पहिले निकाल निराशेचे आले. १९९९ साली अमेरिकेतल्या ८८,७५७ परिचारिकांच्या १६ वर्षांच्या पाठपुराव्यात चोथ्याचा आणि या कर्करोगाचा काही संबंध दिसला नाही. पुढच्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन प्रयोग आले. एकात पॉलिप काढलेल्या सुमारे २,००० लोकांपैकी निम्म्यांना कमी स्निग्ध, भरपूर चोथा, भरपूर फळे-भाज्या असा आहार चार वर्षे दिला. दुसऱ्यात सुमारे १,४०० लोकांना गव्हाच्या कोंड्याचा, रोज १३.५ ग्रॅम किंवा २ ग्रॅम चोथा मिळेल असा नाश्ता दिला. दोन्हींत नवे पॉलिप होण्याचे प्रमाण सारखेच राहिले. चोथ्याची कहाणी संपली, असे त्या काळात पुष्कळांना वाटले.

मग पारडे पुन्हा का फिरले? २००३ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या सव्वापाच लाखांच्या आसपास लोकांचा अभ्यास आला. सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्या गटात धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता. या अभ्यासाचे बळ असे, की दहा देशांच्या खाण्यात मोठा फरक होता; सगळेच जेमतेम चोथा खाणारे असतील तर तुलना कोणाशी करणार? २००७ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ९० हजार लोकांचा अभ्यास आला आणि माझ्या मते सगळ्यांत शिकवणारा निकाल तोच आहे. एकूण चोथ्याचा धोक्याशी संबंध टिकला नाही, पण अख्खे धान्य सर्वांत जास्त खाणाऱ्यांत धोका २१ टक्क्यांनी कमी होता. तेच लोक, तीच प्रश्नावली, आणि चोथा व धान्य यांची उत्तरे वेगळी! २०११ मध्ये २५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा रोज ९० ग्रॅम अख्ख्या धान्याच्या पदार्थांमागे धोका १७ टक्क्यांनी कमी दिसला. २०१७ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या तज्ज्ञांनी अख्ख्या धान्याचे संरक्षण 'संभाव्य' या दर्जाचे मानले. 'निर्विवाद'च्या खालोखाल हा दर्जा आहे. मलाही तोच बरोबर वाटतो.

मग प्रयोग खोटे होते का? अजिबात नाही. त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर दिले. ज्यांच्या आतड्यात एकदा गाठी उगवल्या आहेत, त्यांना पन्नाशी-साठीत तीन-चार वर्षे कोंडा दिला तर नव्या गाठी कमी होतात का? नाही. पण तिशीपासून तीस वर्षे अख्खे धान्य खाल्ले तर कर्करोग कमी होतो का, हा निराळा प्रश्न आहे आणि असा प्रयोग कुणी करू शकत नाही. तीस वर्षे लोकांना वाटून दिलेल्या आहारावर ठेवायचे कसे? त्यामुळे आपल्याला निरीक्षणांवर विसंबावे लागते, आणि निरीक्षणांना मर्यादा असतात. अख्खे धान्य खाणारी माणसे सहसा सिगारेट कमी ओढतात, चालतात-फिरतात, तपासण्या वेळेवर करतात. संशोधक हे सगळे आकडेमोडीतून वजा करतात, पण पूर्ण वजा होत नाही. लोक काय खाल्ले हे आठवून सांगतात, तेही अंदाजेच. त्यावर एक तोडगा निघाला. गहू आणि रायच्या सालीत अल्किलरिसॉर्सिनॉल नावाची द्रव्ये असतात आणि ती रक्तात मोजता येतात. त्याच युरोपीय पाहणीतल्या लोकांचे साठवलेले रक्त तपासले तेव्हा ज्यांच्या रक्तात ती जास्त होती त्यांच्यात आतड्याच्या डाव्या, शेवटाकडच्या भागातला कर्करोग कमी आढळला. गव्हाचा चिवट चोथा जिथवर पोचतो तोच हा भाग. हा पुरावा मला कागदावरच्या प्रश्नावलीपेक्षा जास्त पटतो.

१७ टक्के हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका आणि झटकूनही टाकू नका. समजा हजारातल्या ४० जणांना आयुष्यात कधी तरी हा रोग होतो. सगळ्यांनी रोज ९० ग्रॅम अख्खे धान्य जास्त खाल्ले तर ४० चे ३३ होतील. तुमच्यासारखा जवळचा नातेवाईक आजारी पडलेल्यांत मूळ धोका जवळजवळ दुप्पट असतो; तेच प्रमाण लागू पडते असे धरले तर ८० चे ६६ होतील. म्हणजे ६६ जणांना तरीही रोग होईल, उत्तम खाऊनसुद्धा. आता शेजारी दुसरा आकडा ठेवते. १९९३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, दुर्बिणीने पॉलिप काढून पाठपुरावा केलेल्या लोकांत कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाला. धान्य आणि दुर्बीण यांची बरोबरी का होत नाही, ते यावरून ध्यानात येईल.

कोंडा आणि पावडरीबद्दल. बद्धकोष्ठासाठी मी स्वतः इसबगोल लिहून देते आणि त्याचा गुण येतो. पण पॉलिप टाळण्यासाठी तो कधीच देत नाही. २००० साली युरोपातल्या एका प्रयोगात पॉलिप काढलेल्या लोकांना रोज ३.५ ग्रॅम इसबगोलाचा भुसा तीन वर्षे दिला. नवे पॉलिप कमी तर झाले नाहीतच, उलट थोडे जास्त आढळले. एका प्रयोगावरून इसबगोलाला दोषी ठरवू नये, आणि बद्धकोष्ठासाठी घेत असाल तर घाबरून बंदही करू नका. मात्र चोथा धान्यातून वेगळा काढून डब्यात भरला की त्याच्याबरोबर संरक्षणही डब्यात येते, हे गृहीत धरायला आधार नाही. दाण्यात चोथ्याच्या सोबत अंकुराचे तेल, खनिजे, सालीतली शेकडो द्रव्ये एकमेकांत गुंफलेली असतात. शिवाय पोट अख्ख्या धान्याने भरले की मैद्याचे पदार्थ आपोआप कमी होतात, हा फायदा पावडरीत नाही.

कोंड्याची एक आठवण मला इथे सांगितलीच पाहिजे. साधारण अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. खाण्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. वीस वर्षे मैदा घरात आला नव्हता. शौचाच्या वेळी रक्त दिसू लागले, तेव्हा त्यांनी मूळव्याध समजून कोंडा दुप्पट केला. मळ मऊ झाला, काही दिवस रक्त थांबल्यासारखे वाटले, पुन्हा आले, पुन्हा कोंडा वाढवला. असे सात महिने गेले. माझ्याकडे आले तेव्हा हिमोग्लोबिन ८ वर होते आणि गाठीने आतड्याचा अर्धा घेर व्यापला होता. 'पण मी तर इतके नीट खातो,' हे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांच्या खाण्याने धोका कमीच केला असणार, यात मला शंका नाही. धोका कमी असतो, शून्य नसतो. आणि रक्त दिसणे, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, कारण न कळणारा रक्तक्षय किंवा वजन घटणे, यांवर आहाराचा उपाय कधीही करायचा नसतो. त्यावर तपासणीच करायची.

आता रोजच्या ताटाचे. ९० ग्रॅम म्हणजे ३० ग्रॅमच्या तीन वाढण्या. अख्ख्या गव्हाच्या पावाचा एक लहान काप ही एक वाढणी, मूठभर कोरड्या ओट्सची लापशी ही दुसरी, शिजवलेल्या बार्लीची किंवा पॉलिश न केलेल्या तांदळाची लहान वाटी ही तिसरी. इतके साधे आहे. एकूण चोथा दिवसाला ३० ग्रॅमपर्यंत न्यावा. तो नुसत्या धान्यातून येत नाही, डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे यांची भर लागते. मात्र आज १२ ग्रॅम खात असाल तर उद्या ३० वर उडी मारू नका. पोट फुगेल, वात धरेल, आठवडाभरात कंटाळून सोडून द्याल. असे कितीतरी जण मी पाहिले आहेत. चार ते सहा आठवडे घ्या, दर आठवड्याला एकच बदल करा, पाणी वाढवा. आतड्यातल्या जिवाणूंनाही नव्या अन्नाला सरावायला वेळ लागतो.

विकत घेताना वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर जाऊ नका. पाकीट उलटे करा आणि घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला शब्द अख्खे धान्य हा हवा. 'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्ये; ती सगळी साल काढलेली असू शकतात. तपकिरी रंग कॅरॅमल किंवा माल्टनेही येतो. एक सोपा हिशेब देते: पोषणतक्त्यातले एकूण कर्बोदकांचे ग्रॅम भागिले चोथ्याचे ग्रॅम. उत्तर १० किंवा त्याहून कमी आले तर पदार्थ बहुधा खरा आहे. साखर किती घातली आहे तेही त्याच तक्त्यात बघा; अख्ख्या धान्याच्या नावावर गोड बिस्किटे खपतात.

आणि त्या पावात काय भरता तेही बघा. प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, रोज ५० ग्रॅम खाल्ले तर या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मांडले. एका हाताने जेवढे मिळवाल तेवढे दुसऱ्या हाताने जाईल. दारू, पोटाभोवतीची चरबी, बैठे आयुष्य आणि तंबाखू यांचे दोष तर कुठल्याच धान्याने धुऊन निघत नाहीत. वजन आणि चालणे यांवरचा पुरावा धान्यापेक्षाही पक्का आहे.

सगळ्यांना अख्खे धान्य सरसकट मानवत नाही. आतडे कुठे अरुंद झाले असेल, क्रोहन आजार (आतड्याचा दीर्घकालीन दाह) उसळला असेल, नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर चोथा कमीच ठेवावा लागतो. सिलिअॅक आजार, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असेल तर गहू, बार्ली, राय पूर्ण वर्ज्य. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका चालतात.

तुमच्या वडिलांसाठीही एक चांगली बातमी आहे. कर्करोग पसरलेला नसलेल्या १,५७५ रुग्णांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर ज्यांच्या खाण्यात चोथा आणि अख्खे धान्य जास्त होते त्यांच्यात या रोगाने मृत्यू कमी झाले. हेही निरीक्षणच आहे, पण हरकत घेण्यासारखे त्यात काही नाही. त्यांच्या शल्यचिकित्सकांना विचारून हळूहळू वाढवू द्या. आणि त्यांच्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल शोधून ठेवा. त्यात 'मिसमॅच रिपेअर' प्रथिनांची, म्हणजे जनुकांची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, तपासणी केली आहे का ते बघा. ती प्रथिने नसतील तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शक्यता तपासावी लागते, आणि तो निघाला तर तुम्हाला पाच वर्षांनी नाही, एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी लागेल. लिंच असलेल्या लोकांना रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च देऊन पाहिला आहे. त्यांच्यात आतड्याचा कर्करोग त्याने कमी झाला नाही. ॲस्पिरिनने मात्र झाला. अर्थात ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका असतो. हा अहवाल तपासणीला येताना बरोबर आणा.

तपासणीच्या तयारीत एक गोष्ट हमखास चुकते. कोलोनोस्कोपीच्या आधी दोन ते तीन दिवस अख्खे धान्य, कोंडा, बिया, साली, कच्च्या भाज्या पूर्ण बंद ठेवायच्या. तेवढे दिवस पांढरा भात, पांढरा पाव, गाळलेले सूप असेच खायचे, मग आदल्या दिवशी नुसते पातळ पदार्थ आणि जुलाबाचे औषध. आरोग्याची काळजी घेणारे लोक नेमके इथे चुकतात. आदल्या दिवसापर्यंत ओट्स आणि जवस खाऊन येतात, ते कण अस्तराला चिकटून राहतात, दुर्बिणीची नळी तुंबते, आणि घडीमागचा तो चपटा उंचवटा दिसत नाही. मग सगळी तयारी पुन्हा करावी लागते. औषधाचा दुसरा भाग पहाटे घ्यायला सांगतील, तोही झोपमोड करून वेळेवरच घ्या. शेवटी बाहेर पडणारे पाणी फिकट पिवळे आणि आरपार दिसण्याइतके स्वच्छ झाले पाहिजे. पॉलिप निघाला नाही तर त्याच संध्याकाळी तुमचे नेहमीचे जेवण सुरू करता येईल. निघाला तर किती दिवस थांबायचे ते तिथले डॉक्टर सांगतील.